उत्तरांआधी प्रश्नांची नोंद करा

वाचकाचे पत्र

"माझे वडील कृषी विस्ताराच्या कामातून निवृत्त झाले. त्यांच्या असंख्य वह्या, प्रशिक्षणांत मिळालेल्या पुस्तिका, संशोधन केंद्रांची पत्रके आणि शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटात त्यांनी वर्षानुवर्षे दिलेली उत्तरे असा मोठा ठेवा आमच्याकडे आहे. मी संगणक क्षेत्रात काम करते. गेल्या वर्षी हे सर्व साहित्य स्कॅन करून, पीक, कीड, रोग, खते, पाणी अशा विषयांत विभागून मी एका ॲपवर चढवले आणि त्यात शोधाची सोय केली. सुरुवातीला लोकांनी कौतुकाने ते उघडून पाहिले. आता मात्र कोणी तिकडे फिरकत नाही, सगळे पूर्वीप्रमाणे वडिलांनाच फोन करतात. वडील म्हणतात की शेतीचे ज्ञान असे पेटीत भरता येत नाही. एक मित्र म्हणतो की सगळे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हवाली कर, ती उत्तरे देईल. मी नेमके काय करावे?"

— एक वाचक

उत्तर

तुमच्या पत्रात तक्रारीच्या सुरात आलेली एक गोष्ट मला सर्वांत उपयोगाची वाटली, ती म्हणजे लोक अजूनही वडिलांनाच फोन करतात. ॲपमध्ये जे आहे ते वडिलांच्याच वह्यांतून आलेले आहे, ते कोणत्याही वेळी उघडता येते, आणि तरीही लोक फोन करतात. याचा अर्थ फोनवर त्यांना असे काही मिळते, जे वह्यांत कधी उतरलेच नाही. ते काय आहे हे शोधायला नवे तंत्रज्ञान लागणार नाही. फोन करणाऱ्यांची परवानगी घेऊन काही आठवडे वडिलांच्या शेजारी बसा आणि ते काय सांगतात याच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष देऊन, सांगण्यापूर्वी ते काय विचारतात हे लिहून घ्या.

"पाने पिवळी पडली आहेत, काय टाकू?" हा नेहमीचा प्रश्न घेऊ. तुमच्या ॲपमध्ये पिवळी पाने असे शोधले, तर बहुधा नत्राची कमतरता, लोहाची कमतरता, पाणी साचणे, विषाणूजन्य रोग, कोळी ही रस शोषणारी बारीक कीड अशा पाच-सहा नोंदी समोर येतील. त्यांतली प्रत्येक नोंद आपापल्या जागी बरोबर असेल आणि शेतकरी मात्र होता तिथेच राहील. वडील आधी विचारतील की पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर. नत्र आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाच्या आत हलू शकतात, त्यामुळे त्यांचा तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या वाढीकडे पाठवते आणि खालची पाने आधी पिवळी पडतात. लोह तसे सहज हलत नाही, म्हणून त्याची कमतरता कोवळ्या पानांवर दिसते, तीही शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशा रूपात. मग ते विचारतील की सगळे शेत तसे आहे, मध्येमध्ये चट्टे आहेत की सरळ पट्टे दिसतात. सरळ पट्टे असतील तर खत पसरवताना किंवा फवारताना काही चुकल्याचा संशय येतो, कारण निसर्गात सरळ रेषा फारशा आढळत नाहीत. सखल भागात चट्टे असतील तर पाण्याचा निचरा पाहावा लागतो. आणि कोवळी पाने पिवळी असून जमीन चुनखडीची असेल, तर लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नसते, तेव्हा जमिनीतून आणखी लोह देण्यापेक्षा पानांवर फवारणे अधिक उपयोगी पडते. तीन-चार प्रश्नांत पाच-सहा शक्यतांपैकी एक-दोन उरतात, आणि ही गाळणी लावण्याचे काम तुमच्या ॲपने शेतकऱ्यावरच सोपवलेले आहे.

विषयवार मांडणी ज्याला आपण काय शोधतो आहोत हे आधीच ठाऊक असते त्याच्या सोयीची असते. विद्यार्थी, संशोधक किंवा तुमचे वडील तिचा उत्तम उपयोग करून घेतील. शेतकरी मात्र एखाद्या विषयासमोर उभा नसतो, तो एका निर्णयासमोर उभा असतो: आज फवारू की चार दिवस थांबू, हे बियाणे घेऊ की ते, पाणी आत्ता देऊ की पावसाची वाट पाहू. त्याच्या निर्णयाला तारीख असते, आणि तारीख उलटली की अचूक माहितीही निरुपयोगी ठरते. म्हणून माझा मुख्य सल्ला असा आहे की मांडणीचा एकक विषय न ठेवता निर्णय ठेवावा, आणि प्रत्येक निर्णयाखाली आधी विचारायचे प्रश्न, मग त्या प्रश्नांच्या उत्तरांनुसार फुटणाऱ्या वाटा, आणि प्रत्येक वाटेच्या शेवटी कृती, असे रचावे. स्कॅन केलेली पाने टाकून देण्याचे कारण नाही. ती या रचनेच्या मागे आधार म्हणून राहतील, पण पुढच्या दारात ती नकोत.

सगळी पिके आणि सगळे निर्णय एकदम हाती घेऊ नका. असा एकच निर्णय निवडा जो हंगामात पुन्हापुन्हा घ्यावा लागतो, ज्यात दोन-चार दिवसांनी मोठा फरक पडतो, जो चुकल्यास नुकसान होते, आणि मुख्य म्हणजे ज्यात माहिती मिळाल्याने उत्तर खरोखर बदलते. ही शेवटची अट लोक नेहमी विसरतात. शेतकऱ्याकडे एकच पर्याय शिल्लक असेल, तर त्या पर्यायाबद्दल दहा पाने माहिती पुरवणे हा त्याचा वेळ घेण्याचा प्रकार आहे.

चांगली नोंद कशी दिसते याचे मला आवडणारे उदाहरण बटाट्यावरील उशिरा येणाऱ्या करप्याच्या पूर्वसूचनेचे आहे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये ज्या रोगाने दुष्काळ ओढवला, तोच हा रोग. ब्रिटनमध्ये १९४७ साली ब्यूमाँट यांनी एक साधा नियम मांडला: सलग ४८ तास तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली गेले नाही आणि हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली गेली नाही, तर रोगाला पोषक वेळ आली असे समजावे. १९५६ साली स्मिथ यांनी तो सुधारला; सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा अधिक, आणि त्या प्रत्येक दिवशी किमान ११ तास आर्द्रता ९० टक्के किंवा अधिक, असे त्यांचे निकष होते. हा नियम अनेक दशके चालला. पण इशारा मिळाला नसतानाही रोग आल्याच्या नोंदी तपासल्यावर २०१७ साली स्कॉटलंडमधील जेम्स हटन या संशोधन संस्थेच्या नावाने नवे निकष आले, ज्यांत तापमानाची अट तशीच राहिली आणि ११ तासांच्या जागी ६ तास आले. सत्तर वर्षांत तीन आवृत्त्या झाल्या, आणि प्रत्येक आवृत्ती एका वाक्यात मावणारी, मोजून तपासता येणारी, आणि कोणत्या आकड्यात काय बदलले हे स्पष्ट दाखवणारी आहे. "ढगाळ व दमट हवामानात रोगाचा प्रादुर्भाव वाढतो, वेळीच काळजी घ्यावी" असे वाक्य तुमच्या पत्रकांत ठायीठायी सापडेल. ते खोटे नाही, पण ते कधी चुकले हे कोणालाच सांगता येत नाही, आणि म्हणून ते कधी सुधारतही नाही. अर्थात हे ब्रिटनच्या हवेवर बेतलेले आकडे तसेच उचलून दुसऱ्या प्रदेशाला लावू नका. उचलायची ती पद्धत. आकडे त्या त्या प्रदेशातील निरीक्षणांवरच ठरवावे लागतात.

यातूनच पुढचा मुद्दा निघतो: प्रत्येक नोंदीबरोबर ती कुठे, केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत लागू आहे हे लिहिलेले असले पाहिजे. वहीत वडिलांनी एवढेच लिहिले असेल की पेरणीनंतर तिसाव्या दिवशी खताचा दुसरा हप्ता द्यावा. लिहिताना त्यांच्या मनात जमीन, वाण, हंगाम आणि पाण्याची सोय सर्व काही होते. ते त्यांना लिहावेसे वाटले नाही, कारण वही त्यांनी स्वतःसाठी लिहिली होती. तुम्ही ते वाक्य एकटे काढून ॲपमध्ये ठेवले की त्याभोवतीची परिस्थिती गळून पडते. तिसावा दिवस हासुद्धा पक्का आधार नाही, कारण पिकाची वाढ दिनदर्शिकेपेक्षा उष्णतेच्या हिशोबाने अधिक चालते. दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढून त्यातून पिकाचे आधार तापमान, म्हणजे ज्याच्या खाली पिकाची वाढ जवळजवळ थांबते ते तापमान, वजा करायचे, आणि रोजची अशी बाकी बेरजेत धरत जायची, ही त्याची रूढ रीत आहे. मक्यासाठी आधार तापमान साधारणपणे १० अंश धरतात. कमाल ३० आणि किमान २० असेल तर त्या दिवशी १५ अंश जमा होतात, कमाल २४ आणि किमान १२ असेल तर फक्त ८. म्हणजे उबदार हंगामातला तिसावा दिवस आणि थंडीतला तिसावा दिवस यांत पीक जवळजवळ दुप्पट अंतरावर उभे असू शकते. म्हणून जिथे शक्य आहे तिथे दिवसांऐवजी पिकाची अवस्था नोंदवा. धान्यपिकांसाठी १९७४ साली झाडोक्स आणि सहकाऱ्यांनी दोन अंकी मोजपट्टी तयार केली आणि पुढे तिच्याच धर्तीवर बीबीसीएच ही इतर पिकांनाही लागू पडणारी पद्धत आली. तिच्यात ०० ते ९९ असे आकडे असून ६ ने सुरू होणारे आकडे फुलोऱ्याचे आणि ८ ने सुरू होणारे पक्वतेचे असतात. शेतकऱ्याला हे आकडे दाखवू नका. त्याला चार छायाचित्रे दाखवा आणि तुमचे पीक यांपैकी कशासारखे दिसते असे विचारा. आकडा मागच्या मागे नोंदला जाईल.

किडीच्या नुकसान पातळीबद्दल, म्हणजे किती किडी दिसल्यावर उपाय करावा याबद्दल, थोडे अधिक सावध राहावे लागेल, कारण पत्रकांत ती पातळी एका आकड्यात दिलेली असते आणि तो आकडा कायमचा असल्यासारखा वाटतो. १९५९ साली कॅलिफोर्नियात व्हर्नन स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा तिचा गाभाच हिशोबाचा होता: किडीमुळे होणारे नुकसान नियंत्रणाच्या खर्चाहून अधिक होणार असेल तेव्हाच उपाय करणे परवडते. नियंत्रणाचा खर्च एका बाजूला. मालाचा भाव, एका किडीमुळे होणारी घट आणि उपायाने त्यातला किती भाग वाचतो, या तिन्हींचा गुणाकार दुसऱ्या बाजूला. खर्चाला त्या गुणाकाराने भागले की पातळी निघते. भाव दुप्पट झाला की पातळी निम्म्यावर येते, म्हणजे कमी किडींवरही उपाय परवडतो; औषध महागले की पातळी वर जाते. वहीतला आकडा ज्या वर्षी लिहिला गेला त्या वर्षीच्या भावांचा आहे. संगणकाला हा भागाकार करायला काहीच लागत नाही, तेव्हा आकडा साठवण्यापेक्षा सूत्र साठवा आणि भाव व खर्च शेतकऱ्याला भरू द्या. कागदाला जे जमत नव्हते ते डिजिटल नोंदीला खरोखर जमते अशी जी थोडी ठिकाणे आहेत, त्यांपैकी हे एक आहे.

नावांचा गोंधळ तुम्हाला एव्हाना भेटलाच असेल. दहा मैलांवर किडीचे नाव बदलते, आणि शास्त्रीय नावेही स्थिर नसतात. टोमॅटोचे जुने लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम आता सोलॅनम लायकोपर्सिकम झाले आहे, त्यामुळे जुन्या आणि नव्या पुस्तिका संगणकाला दोन वेगळ्या पिकांच्या वाटतात. याउलट करपा या एकाच नावाखाली अल्टरनेरिया सोलानी या बुरशीमुळे लवकर येणारा आणि फायटोफ्थोरा इन्फेस्टन्समुळे उशिरा येणारा असे दोन वेगळे रोग राहतात, आणि फायटोफ्थोरावर चालणारे मेटालॅक्सिल हे औषध अल्टरनेरियावर चालत नाही. उपाय सोपा आहे आणि तो तुमच्याआधी इतरांनी करून ठेवला आहे. प्रत्येक पिकाला, किडीला आणि रोगाला एक न बदलणारा संकेत द्यावा आणि सगळी स्थानिक, प्रमाण व शास्त्रीय नावे त्या संकेताला जोडावीत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू केलेल्या ॲग्रोव्होक या शब्दसंग्रहात ४०,००० हून अधिक संकल्पना आहेत. युरोप व भूमध्यसागरी प्रदेशाच्या वनस्पती संरक्षण संघटनेची वनस्पतींसाठी पाच आणि किडी-रोगांसाठी सहा अक्षरांच्या संकेतांची पद्धत आहे. स्वतःचे संकेत शोधून काढण्याचा मोह आवरा. एकही स्थानिक नाव अशुद्ध म्हणून काढून टाकू नका, कारण लोक शोधताना तेच नाव वापरणार आहेत.

आता जे सांगतो ते खरे म्हणजे सर्वांत आधी करायला हवे, हा मजकूर वाचून होण्यापूर्वीच केले तरी चालेल. तुमच्या वडिलांच्या जुन्या वह्यांत एंडोसल्फानसारख्या कीटकनाशकांच्या शिफारशी असण्याची दाट शक्यता आहे. त्या काळी त्या प्रमाण शिफारशी होत्या. २०११ साली एंडोसल्फानचा समावेश स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारातील नष्ट करावयाच्या चिवट सेंद्रिय प्रदूषकांच्या, म्हणजे निसर्गात दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांच्या, यादीत झाला. वही बंद कपाटात असते तोवर तिच्यातला जुना सल्ला निरुपद्रवी असतो, कारण ती वाचणारा माणूस तिचे वय जाणतो. तेच पान शोधात वर आले की त्याला वय उरत नाही. म्हणून रसायनांचा उल्लेख असलेली प्रत्येक नोंद तात्काळ लोकांच्या नजरेआड करा आणि आपल्या देशातील सध्याच्या नोंदणी यादीशी ताडून पाहिल्यावरच एकेक परत आणा. ताडताना व्यापारी नाव न धरता त्यातील सक्रिय घटक आणि त्याचे प्रमाण धरा. तोच घटक ५ टक्क्यांच्या आणि २० टक्क्यांच्या रूपात विकला जात असेल, तर "एका लिटरला दोन मिली" या वाक्याच्या अर्थात चौपट फरक पडतो. मात्रा एकरी आहे की हेक्टरी हेही प्रत्येक ठिकाणी लिहिलेले असले पाहिजे, कारण एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर, आणि एवढी चूक पीक जाळायला पुरेशी आहे. फवारणी आणि काढणी यांमध्ये किती दिवस सोडायचे ही माहिती नसेल, तर ती नोंद अपूर्ण समजून परत आणू नका.

सल्ला जुना होण्याची कारणे केवळ कायद्याची नसतात. किडी औषधाला दाद देईनाशा होतात, वाण मागे पडतात, आणि कधी संपूर्ण नवीच कीड दाखल होते. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी आफ्रिकेत २०१६ साली आणि भारतात २०१८ साली प्रथम नोंदली गेली. त्याआधी आफ्रिकेत वा आशियात लिहिलेल्या मक्याच्या कितीही परिपूर्ण पुस्तिकेत तिचा पत्ता असणार नाही. तेव्हा प्रत्येक नोंदीवर ती कोणी आणि केव्हा तपासली हे लिहाच, पण त्याचबरोबर पुन्हा तपासण्याची तारीखही घाला, आणि ती तारीख उलटल्यावर नोंद आपोआप दिसेनाशी होईल अशी व्यवस्था करा. हे कठोर वाटेल. अशा प्रकल्पांची मरणे मी पाहिली आहेत. ते एका दिवसात बंद पडत नाहीत, चालू दिसत असतानाच आतून शिळे होत जातात, आणि एकदा चुकीचा सल्ला मिळालेला माणूस परत येत नाही. अर्धे रिकामे पण ताजे ॲप मला भरगच्च आणि शिळ्या ॲपपेक्षा केव्हाही बरे वाटते.

तुमच्या मित्राच्या सूचनेकडे वळतो. सगळी स्कॅन केलेली पाने एखाद्या भाषाप्रारूपाला, म्हणजे प्रश्नांना मजकुरात उत्तरे देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला, देऊन उत्तरे मागितली, तर उत्तरे अस्खलित येतील, आणि तोच धोका आहे, कारण वहीत पुसट झालेला आकडा माणसाला पुसट दिसतो आणि प्रारूपाच्या उत्तरात तो ठाम होऊन येतो. छायाचित्रावरून रोग ओळखण्याबाबतचा एक अनुभव इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्लांटव्हिलेज संग्रहातील पानांच्या ५४,३०६ छायाचित्रांवर शिकवलेल्या प्रारूपाने त्याच संग्रहातील बाजूला ठेवलेल्या छायाचित्रांवर ९९ टक्क्यांहून अधिक अचूकता दाखवली; वेगळ्या परिस्थितीत घेतलेली, इतरत्रची छायाचित्रे दिल्यावर मात्र ती ३१ टक्क्यांच्या आसपास उतरली, आणि हे अभ्यासकांनी स्वतःच नमूद केले. एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवलेले सुटे पान वेगळे, आणि शेतात धूळ, सावली व शेजारच्या तणासकट टिपलेले पान वेगळे. तेव्हापासून तंत्र बरेच सुधारले आहे, पण आपल्या शेतातल्या छायाचित्रांवर तपासून पाहिल्याशिवाय कोणाच्याही टक्केवारीवर विसंबू नये, ही शिकवण जुनी झालेली नाही.

याचा अर्थ यंत्राला हातच लावू नका असा नाही. शेतकऱ्याने आपल्या बोलीत, आवाजी संदेशात विचारलेला प्रश्न समजून घेणे, तो योग्य निर्णयाशी जोडणे, वडिलांचे ठरलेले प्रतिप्रश्न एकेक करून विचारणे आणि तपासलेली नोंद सोप्या शब्दांत वाचून दाखवणे, ही कामे ते चांगली करते, आणि ज्यांना वाचणे जड जाते त्यांच्यासाठी तर हा मोठाच आधार आहे. बंधने तेवढी आधी घाला. उत्तर तपासलेल्या नोंदीतूनच यावे आणि कोणत्या नोंदीतून आले हे दिसावे. औषधाची मात्रा प्रारूपाने कधीही स्वतः रचू नये, ती नोंदीतून जशीच्या तशी उचलावी. आणि नोंद नसेल तेव्हा तसे स्पष्ट सांगून प्रश्न माणसाकडे पाठवावा. त्या माणसाकडे गेलेल्या प्रश्नांची यादी ही पुढच्या हंगामाच्या कामाची यादी समजा.

वडिलांचा आक्षेप मी हलका मानत नाही. बोटांत चुरून मातीचा ओलावा जोखणे, किंवा सकाळी झाडाकडे पाहून पाण्याचा ताण ओळखणे, हे शब्दांत पूर्ण उतरत नाही, आणि उतरवण्याचा हट्टही धरू नये. परंतु ते केव्हा माती चुरून पाहतात, कुठल्या खोलीची घेतात आणि काय जाणवले म्हणजे पाणी देण्याचे थांबवतात, हे नक्की लिहिता येते, आणि ती कृती त्यांच्याच हातांनी करताना ध्वनिचित्रमुद्रित करता येते. २००६ साली भारतात सुरू झालेल्या डिजिटल ग्रीन या प्रकल्पाने हीच वाट धरली: शेतकऱ्यांनीच केलेल्या कामाच्या लहान चित्रफिती शेतकऱ्यांच्या छोट्या गटांत दाखवायच्या, आणि दाखवणाऱ्याने मध्ये थांबवून प्रश्न विचारायचे, चर्चा घडवायची. त्यात माणूस काढून टाकलेला नाही, त्याला चांगले साधन दिलेले आहे. वडिलांना ज्ञान द्या असे म्हणालात तर ते पुन्हा पेटीची गोष्ट काढतील. गेल्या हंगामातले दहा अवघड फोन आठवा आणि प्रत्येकात तुमचे मत कोणत्या क्षणी पक्के झाले ते सांगा, असे विचारून पाहा. अनुभवी माणसांना नियम सांगता येत नाहीत, प्रसंग मात्र तपशीलवार आठवतात, आणि नियम त्या प्रसंगांतून तुम्हाला काढता येतात. त्यांनी सांगितलेला नियम आणि संशोधन केंद्राची शिफारस जुळत नसेल तर दोन्ही नोंदवा, कोणती कुणाची हे लिहा, आणि त्यातली एक गुपचूप पुसून टाकू नका. अशा मतभेदाच्या जागीच पुढची चाचणी घेण्यासारखी असते.

ती चाचणी घेण्याचा मार्गही ॲपमध्ये ठेवा. सल्ला दिल्यानंतर काही दिवसांनी एवढेच विचारा की तुम्ही काय केले आणि काय झाले. इथे एक सापळा आहे: ज्यांचे चांगले झाले ते उत्साहाने कळवतात आणि ज्यांचे बिघडले ते गप्प बसतात, त्यामुळे प्रत्येक उपाय यशस्वी दिसू लागतो. शिवाय पाऊस चांगला झाला त्या वर्षी कोणत्याही खताचा गुण आल्यासारखे वाटते. म्हणून ज्यांची तयारी असेल त्यांना शेतातला एक अरुंद पट्टा उपायाविना तसाच ठेवायला सांगा आणि दोन्हींची तुलना नोंदवा. अशा पाच पट्ट्यांवरून जे कळते ते पन्नास अभिप्रायांवरून कळत नाही. ज्या रोगाचा किंवा किडीचा प्रसार वेगाने होतो तिथे मात्र पट्टा सोडायला सांगू नका, त्याची झळ शेजाऱ्याला बसते. आणि या नोंदी शेतकऱ्यांच्या आहेत हे विसरू नका. कोणाच्या शेतात कोणता रोग आहे किंवा किती माल येणार आहे, ही माहिती व्यापाऱ्याच्या वा विमा कंपनीच्या हातात गेली तर त्या शेतकऱ्याचे नुकसान होऊ शकते. नाव आणि जागा वेगळी काढून ठेवा, काय साठवता ते त्यांना सांगा, आणि सांगितल्यास पुसून द्या. व्हॉट्सॲप गटातले जुने संदेश ॲपवर चढवताना तुम्ही ही परवानगी घेतली होती की नाही, हे पत्रात लिहिलेले नाही. घेतली नसेल तर ते संदेश आधी उतरवा.

पहिल्या हंगामात नवीन ॲप लिहू नका. एक पीक, एक निर्णय, साधा तक्ता, आणि त्यातले प्रश्न विचारून फोनवर उत्तर देणाऱ्या तुम्ही स्वतः, एवढ्यावर काम चालवा. वडील शेजारी बसतील आणि तुम्ही कोणता प्रश्न विचारायला विसरलात ते सांगतील. त्यांची मदत न घेता तुम्हाला बहुतेक फोन नीट हाताळता येऊ लागले, म्हणजे तक्ता यंत्राकडे सोपवण्याइतका तयार झाला असे समजा. त्यानंतरही वडिलांचा फोन क्रमांक ॲपच्या पहिल्या पानावर राहू द्या, आणि पेरणीपूर्वी दर वर्षी नोंदी कोण तपासणार, वडिलांना ते जमेनासे झाल्यावर ती जबाबदारी कोणाकडे जाणार, हे आत्ताच त्यांच्या सल्ल्याने ठरवून घ्या.